पाण्याची कोरी नळी

अरुणा गेल्याचा फोन शाळेत आला. मी चौथीच्या वर्गावर होते. शिपाई दारात येऊन म्हणाला, "बाई, घरचा फोन आहे." पलीकडे माझे धाकटे दीर, अरुणाचे यजमान विनय होते. "वहिनी, अरुणा..." एवढंच बोलले. सकाळी प्रयोगशाळेत ती चक्कर येऊन पडली, मेंदूत रक्तस्राव झाला आणि इस्पितळात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. आदल्या संध्याकाळी तिनं ओट्याशी उभ्या उभ्याच माझ्या अळूच्या भाजीला नावं ठेवली होती आणि दोनदा वाढूनही घेतली होती. आता दीड महिना झाला... ओट्याशी उभी राहिले की अजून मी थोडी सरकून जागा करते.

डोंबिवलीच्या आमच्या घरात ती सून म्हणून आली ती ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, नुकतीच डॉक्टरेट मिळवून. माहेर बाळकुमचं, खाडीकाठच्या कोळ्यांचं. बोलणं खणखणीत, शेजारच्या बिल्डिंगला ऐकू जाईल असं. आमचं घर शाकाहारी. सासूबाईंनी पहिल्या वर्षी तिच्या मासळीसाठी गॅलरीत वेगळी शेगडी मांडली आणि दुसऱ्या वर्षी त्याच विचारायला लागल्या, "आज काही तळणार नाहीस का गं?" ती नेमकं काय काम करते हे मात्र घरात कुणालाच धड सांगता यायचं नाही. मीच एकदा विचारलं. म्हणाली, "वहिनी, तुमच्या शाळेसमोरचा झेरॉक्सवाला करतो ना, तेच. थेंबभर रक्तातून डीएनए काढायचा, त्यातला हवा तेवढा तुकडा धरायचा आणि त्याच्या प्रती काढायच्या. एकाच्या दोन, दोनाच्या चार. लाखो झाल्या की मग तो तुकडा डोळ्यांना दिसतो, आणि त्यात चूक आहे का ते कळतं." प्रती निघायला नळी पुन्हा पुन्हा तापवावी, निववावी लागते. तेव्हा त्यांच्या प्रयोगशाळेत त्याचं यंत्र नव्हतं. वेगवेगळ्या तापमानाच्या पाण्याची तीन भांडी मांडून ती घड्याळ बघत नळ्या एकातून दुसऱ्यात हलवायची, तासन् तास. वाफेनं बोटं सोलवटलेली असायची. परदेशातून यंत्र आलं त्या दिवशी तिनं सगळ्या बिल्डिंगमध्ये पेढे वाटले. लोकांना वाटलं, हिला दिवस गेले!

ती शोधत होती थॅलेसेमियातली चूक. या आजारात मुलाच्या अंगात रक्त नीट तयारच होत नाही, जन्मभर बाहेरून द्यावं लागतं. आम्हाला तो आजार परका नव्हता. माझी धाकटी बहीण मीना कल्याणला दिलेली. तिच्या निखिलला दर महिन्याला रक्त चढवावं लागायचं. मीना आणि तिचा नवरा सुरेश दोघंही वाहक. स्वतः ठणठणीत, पण दोघांकडून ती चूक आली की मूल आजारी. निखिल सहा वर्षांचा असताना मीनाला पुन्हा दिवस राहिले. ती आमच्याकडे आली आणि अरुणाचा हात धरून बसली. अरुणा म्हणाली, "चाचणी बसवलीय आम्ही. पण कुठल्याच बाळासाठी अजून केलेली नाही. तुझी पहिली असेल. चालेल?" मीनाच्या सासूबाई सोबत होत्या. त्यांनी हळूच विचारलं, "मुलगा की मुलगी तेही दिसत असेल ना?" अरुणाचा आवाज चढला. "ते मी बघत नाही. विचारूही नका."

गर्भाजवळचा इवलासा नमुना डॉक्टरांनी काढून दिला. आठवड्याभरानं अरुणा घरी आली, तेव्हा मीना आणि सुरेश आमच्याकडेच वाट बघत होते. चप्पल काढता काढताच ती म्हणाली, "मला अजून काही सांगता येत नाही."

"म्हणजे चाचणी झालीच नाही?" सुरेशनं विचारलं.

"झाली. बाळ बरं आहे असं दिसलं. पण ते धरून चालायचं नाही."

मग तिनं समजावलं. दर वेळी ती एका नळीत नुसतं शुद्ध पाणी घालायची. त्यात डीएनए नसतोच, म्हणून ती नळी शेवटी कोरीच दिसायला हवी. या वेळी पाण्याच्या नळीतही तुकडा दिसला होता. म्हणजे बाहेरचं काहीतरी मिसळलं होतं, आणि तसं असेल तर बाळाच्या नळीत दिसलं ते बाळाचंच, हे कशावरून? तिच्या वरिष्ठांनी सांगितलं होतं, बाळाचं स्वच्छ दिसतंय, रिपोर्ट देऊन टाका. तिनं दिला नव्हता. सुरेश तडकला. "ताई, दिवस निघून चाललेत. डॉक्टर म्हणतात, निर्णय घ्यायचा तर लवकर घ्या. चांगलं दिसलंय तर सांगत का नाही?" अरुणा म्हणाली, "थोडा नमुना शिल्लक आहे. एकदाच पुन्हा करता येईल. मला आठ दिवस द्या." मीना रडत होती, पण तीच म्हणाली, "दे रे तिला."

ते आठ दिवस अरुणा घरात फक्त आंघोळीला आणि झोपायला येत होती. जुन्या प्रयोगांतल्या लाखो प्रतींचे कण त्या खोलीभर, टेबलांवर, कपड्यांवर पसरलेत, हे तिच्या ध्यानात आलं होतं. तिनं मोडक्या खुर्च्यांची एक अडगळीची खोली मागून घेतली, स्वतः घासून काढली आणि नळ्या भरायचं काम तिथे हलवलं. त्या खोलीची उपकरणं वेगळी, चपला वेगळ्या. अंगरखाही वेगळा हवा म्हणाली, तो मी माझ्या मशीनवर शिवला. मीनाच्या सासूबाई नवस बोलायला टिटवाळ्याला निघाल्या, तेव्हा मला वाटलं ही हसेल. ती म्हणाली, "जाताय तर माझ्यासाठी एवढंच मागा, पाण्याची नळी कोरी राहू दे."

नळी कोरी राहिली. अरुणा थेट कल्याणला गेली, मला शाळेतून सोबत घेऊन. मीनाच्या दारातच म्हणाली, "बाळ तुमच्या दोघांसारखं आहे. नुसतं वाहक. आजारी नाही." मीनानं तिचा हात धरून तिला आत ओढलं. सुरेश म्हणाला, "म्हणजे आधी दिसलं तेच खरं होतं की!"

"हो," अरुणा म्हणाली, "पण तेव्हा ते मला माहीत नव्हतं."

पुढे कल्याणहून, उल्हासनगरहून कितीतरी जोडपी तिच्याकडे आली. सगळ्यांना चांगलं सांगता आलं असं नाही. चांगलं असो की वाईट, निकाल ती फोनवर कधी द्यायची नाही. समोर बसून, पाणी पिऊन, सावकाश सांगायची. ती अडगळीची खोली आता तिथली कायमची खोली झाली आहे आणि तिनं शिकवलेल्या दोन मुली तिथे काम करतात. तिच्या जाण्यानंतरच्या सोमवारीही त्यांनी चाचण्या लावल्या. एक जोडपं ठाण्याहून यायचं होतं, त्यांना थांबवणं अरुणाला आवडलं नसतं, असं त्यांनी मला सांगितलं.

परवा मीना मुलांना घेऊन आली. निखिल आता दहावीच्या वर्षात आहे. रक्त अजून चढवावं लागतं, पण येताना सामानाची पिशवी त्यानंच उचलली होती. धाकटी केतकी तिसरीत. ती अरुणाच्या खोलीत गेली आणि पलंगावर बसून राहिली. मीनानं तिला कधीतरी सगळं सांगितलं असावं, कारण मी जवळ गेले तशी म्हणाली, "मावशी, मी आईच्या पोटात होते ना, तेव्हा मी बरी आहे हे अरुणाकाकूला माहीत होतं?"

"हो."

"आणि तुला?"

"मला नंतर कळलं. तिनं सांगितल्यावर."

"आईलाही नंतर?"

"आईलाही."

ती पाय हलवायला लागली. मग म्हणाली, "म्हणजे काकू मला सगळ्यात आधी ओळखायला लागली."

हो बाळा... आम्हा सगळ्यांच्या आधी.