बाळंतिणीच्या खोलीतला ब्रूडर

पहिल्या बाळंतपणासाठी मी सुप्याहून माहेरी आले ती ऐन थंडीत. माहेर सोनईजवळ, वस्तीवर. घरामागं वडिलांची पोल्ट्रीची शेड, आणि घराला नव्यानं काढलेली एक स्लॅबची खोली. ती आईनं माझ्यासाठी झाडून-पुसून तयार ठेवली होती. खिडकी सरकत्या काचेची, तिच्या फटींत आईनं जुन्या साडीच्या चिंध्या कोंबल्या. दाराखाली गोणपाट. माझ्या कानांत कापूस, डोक्याला स्कार्फ. मला वारा लागेल म्हणून वाऱ्यालाच घराबाहेर काढलं होतं म्हणा ना.

आमच्याकडं बाळंतिणीला शेक लागतोच. पूर्वी बाजेखाली कोळशाची शेगडी असायची. आता चांगला कोळसा मिळत नाही, आणि मिळालाच तर धुरानं डोळ्यांचं पाणी खळत नाही. म्हणून वडिलांनी शेडमधला एक जादा ब्रूडर आणला. नुकत्या जन्मलेल्या पिल्लांना ऊब द्यायला वरून टांगतात तो गॅसचा हीटर. घासूनपुसून लख्ख केला आणि खोलीत पंख्याच्या हुकाला साखळीनं टांगून दिला. धूर नाही, काजळी नाही, राख काढायची कटकट नाही. आईनं तर शेजारणींना बोलावून बोलावून दाखवला. मीही म्हटलं, चला, सुटलो.

लेक झाली, तिला घेऊन मी त्या खोलीत आले, आणि थोड्याच दिवसांत भिंतींना घाम सुटला. काचेवरून पाणी ओघळायचं. लंगोट, दुपटी दोरीवर दिवसभर टांगली तरी हाताला ओलीच लागायची. गॅस जळताना पाणीही सोडतो, आणि त्या पाण्याला बाहेर जायला आईनं जागा कुठं ठेवली होती? स्लॅबच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरली. ते एक वेळ चाललं असतं. पण सकाळपासून माझं कपाळ ठणकायचं, मळमळायचं, उठून बसलं की गरगरायचं. न्हाणीकडं जायला बाहेर पडले की बरं वाटायचं, परत खोलीत आले की पुन्हा तेच. आईला सांगितलं, तर म्हणाली, "वल्या बाळंतिणीला व्हतं तसं. पडून ऱ्हा." लेक माझ्या कुशीत नुसती झोपून असायची. दूध पाजायलाही तिला तळपायाला टिचक्या मारून जागं करावं लागायचं. मला भीती वाटायला लागली होती, आणि भ्याले की मी चिडते.

एका दुपारी शेडकडून आईचा आवाज आला. माझ्या आईचा आवाज बंद काचांना जुमानत नाही. शेडमध्ये नवी पिल्लं आली होती आणि गारठ्याच्या धास्तीनं वडिलांनी पडदे पार वरपर्यंत बांधून टाकले होते. आई त्यांना झापत होती, "वरून हातभर मोकळं सोडा. आत गॅस जळतुया न्हवं? खाली पसरलेलं तूस वलं हुईल, पिल्लं माना टाकतील."

माझं डोकं सटकलं. लेकीला दुपट्यात गुंडाळलं, पायांत मिळेल ती चप्पल घातली आणि सरळ शेडच्या दारात जाऊन उभी राहिले.

"कोंबडीच्या पिल्लांना हातभर फट, आणि माझ्या पोरीला चिंध्या?"

आई हातातली दोरी टाकून धावत आली. "आगं, याड लागलं का? वारं लागंल. आत चल."

"नाही येणार. गॅस तोच, ब्रूडर तोच. भिंती ओल्या झाल्यात, माझं डोकं फुटतंय आणि ही मान टाकून झोपते. बंद बाथरूममध्ये गॅसच्या गिझरनं माणसं गेल्याचं पेपरात वाचत नाहीस का? बंद जागेत गॅस जळला की विषारी वायू होतो, त्याला ना धूर असतो, ना वास. तुमच्या कोळशाच्या शेगडीतूनही तोच निघायचा."

तेवढ्यात मोकळ्या हवेत लेक जागी झाली आणि तिनं घसा फोडून रडायला सुरुवात केली. इतकं खणखणीत ती त्या खोलीत कधी रडली नव्हती. मला हायसं वाटलं. आई मात्र तिच्याकडं बघतच राहिली.

माझ्याआधी आईला एक मुलगी झाली होती. महिन्याचीही नव्हती, हिवाळ्यात गेली. "सकाळी उचलाया गेले तर गार लागली," एवढंच आईनं मला एकदा सांगितलं होतं. तिच्या सासूनं तेव्हा तिलाच बोल लावला, की कुठंतरी फट ठेवलीस, पोरीला गारठा लागला. ती फट आई आयुष्यभर बुजवत आली.

"समदं बंद केलं हुतं मी," ती हळू आवाजात म्हणाली. "दार, खिडकी, समदं. बाजंखाली शेगडी हुती रातभर. तरी सासूबाई म्हनल्या, फट ऱ्हायली." मग माझ्याकडं बघून तिनं विचारलं, "फट न्हवती, म्हनून गेली का गं ती?"

मी म्हटलं, "माहीत नाही, आई." मला खरंच माहीत नव्हतं, आजही नाही. तान्ही मुलं कशानंही जातात. मला तिची फार फार दया आली.

डॉक्टरांनी संध्याकाळी लेकीला तपासलं, ठीक आहे म्हणाले. पण आई त्यांच्यासाठी थांबली नव्हती. शेडवरून ती तडक खोलीत गेली होती. मी मागोमाग पोचले तेव्हा ब्रूडर बंद केलेला होता आणि ती खिडकीशी उभी राहून एकेक चिंधी उपसत होती, पदरानं नाक पुसत. चिंध्या ओल्या होऊन घट्ट बसल्या होत्या, निघत नव्हत्या.

"सोड, मी काढते," मी म्हटलं.

"नगं," ती म्हणाली. "माज्या हातानं बसवल्यात. मलाच काढू दी."