कमरेवरचा गेरू

मित्रांनो, दुपारपासून आईच्या नजरेला नजर देता येत नाहीये, म्हणून इथे लिहितोय.

आठवडाभरापासून माझ्या कमरेवर नागीण उठली आहे. "दवाखान्यात जाय," आई पहिल्याच दिवशी म्हणाली होती. मी शाळेत विज्ञान शिकवतो, अंधश्रद्धेवर भाषणं देतो. तरी 'नागिणीचं तोंड शेपटाला मिळालं की माणूस जातो' हे लहानपणी ऐकलेलं डोक्यातून जाईना. गेरूनं नागीण अडते म्हणतात, म्हणून गुपचूप गेरू आणला आणि आरशात बघून फासला.

आज आग सहन होईना, तेव्हा आईच मला रामदासपेठेतल्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टर निघाली माझी जुनी विद्यार्थिनी, स्नेहल. शर्ट वर केला तर सगळा लाल गेरू.

"सर, हे कोणी लावलं?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "आईनं."

आई शेजारीच बसली होती. माझ्याकडे एकदा पाहून म्हणाली, "हो वं बाई, मीच लावला."

मग स्नेहलने तिलाच समजावलं, की गेरूनं काही होत नाही, गोळ्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच सुरू व्हायला हव्या होत्या. आईने मान खाली घालून ऐकलं. नागिणीची लस असते म्हटल्यावर तिने लगेच दंड पुढे केला. मला ती लस बरं झाल्यावर मिळेल.

ऑटोत मी विचारलं, "खोटं काहून बोललीस?"

"तू मास्तर आहे ना बाबू. मले कोण ओळखते तिथं?"

स्नेहल, तू हे वाचशीलच. गेरू मी लावला होता.

आईला मात्र अजून काहीच बोललो नाही. तुमच्यापैकी कोणी आईला कधी 'चुकलो' म्हटलंय? कसं म्हणतात, सांगा.