सेफ्टीवाले शेजारी आणि आमची मुदतवाढ

ओमानात बरीच वर्षं काढल्यामुळे मी नाना तऱ्हेची माणसं पाहिली. पण सोहारला आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या शेजाऱ्यांइतकं नेटानं, मन लावून आणि सचोटीनं घाबरणारा माणूस मला दुसरा भेटला नाही. तुम्ही-आम्ही प्रसंग आला की घाबरतो. ते प्रसंगाची वाट पाहत थांबत नसत. नोकरीही त्यांना नेमकी स्वभावाला साजेशी मिळाली होती. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ते सेफ्टी ऑफिसर होते. म्हणजे काय काय वाईट घडू शकेल याचा विचार करण्याबद्दल त्यांना दरमहा पगार मिळे. दिवसभर तो विचार करून ते घरी येत आणि उरलेल्या वेळात तोच विचार हौसेखातर, बिनपगारी चालू ठेवत. मूळचे नागपूरचे. उंचेपुरे, मिशा भरघोस, आवाज खर्जातला. लांबून पाहिलं तर लोकांनीच त्यांना भ्यावं.

लिफ्टमध्ये ते पाऊल ठेवत नसत. गॅसची नळी दर ईदला बदलत. सण कोणाचा का असेना, नळी बदलायची आठवण राहते, एवढ्यासाठी. गाडीत बसण्यापूर्वी गाडीला एक फेरी घालून चारही चाकांकडं असं बघत, की जणू त्यातलं एखादं फितूर झालं असावं. हायवेवर सगळं जग सणसणत जात असताना यांची गाडी उजव्या कडेनं, लग्नातल्या वरातीच्या चालीनं. का, तर उंट आडवा येतो. मी एकदा म्हटलं, "अहो, इतक्या वर्षांत या रस्त्यावर उंट दिसला का कधी?" तर म्हणाले, "उंट दिसला नाही, याचा अर्थ उंट नाही असा होत नाही न जी." आमच्या लेकीच्या, प्रज्ञाच्या वाढदिवसाला हे गृहस्थ वाळूची बादली घेऊन आले होते. तिनं मेणबत्त्या फुंकल्या, पोरांनी टाळ्या वाजवल्या, आणि यांनी वातीतला धूर पूर्ण थांबेपर्यंत केक कापू दिला नाही. त्यांच्या मंडळी, म्हणजे आमच्या वहिनी, शाळेत शिकवत. स्वभावानं अगदी थंड. त्या म्हणायच्या, "घाबरू द्या त्यांना, भाऊजी. दिवसभरात पुरेसं घाबरले नाहीत तर त्यांना झोप लागत नाही."

मग तेलाचे भाव कोसळले, आणि सोहारमधल्या सगळ्यांनाच त्यांच्या शेजारी जाऊन बसावंसं वाटू लागलं. आधी दुसऱ्या कंपन्यांतल्या, दुसऱ्या इमारतींतल्या लोकांच्या नोकऱ्या गेल्या. मग आमच्याच जिन्यातून सोफे खाली उतरू लागले. कोणी वॉशिंग मशीन विकतोय, कोणी पडद्यांसकट सगळं घर. शाळेच्या बसमध्ये प्रज्ञाच्या शेजारची जागा रिकामी झाली, मग पुढची. ऑफिसात साहेबानं कोणाला आत बोलावलं, की उरलेले सगळे कीबोर्डवर बोटं ठेवून नुसते बसून राहत. शुक्रवारी आम्ही चार मराठी घरं एकत्र जेवायला बसत असू, तिथंही पोळी मोडताना कोणी मान वर करीना.

अशाच एका शुक्रवारी शेजाऱ्यांनी आपल्या मेहुण्याची गोष्ट सांगितली. मेहुणा कॅनडात, तिथल्याही तेलाच्याच गावात नोकरीला. तेलाच्या त्याच घसरणीत त्याचीही नोकरी गेली. "पण तिकडं गंमत आहे," ते म्हणाले. "नोकरी गेली तर सरकार भत्ता देते. घरी बसून. त्याची मुदत संपत आली, तर सरकार म्हणाले, तुमच्या भागात लई लोक बसून राहिले, घ्या आणखी मुदतवाढ!" आम्ही सगळे परीकथा ऐकावी तसे ऐकत होतो. कोणीतरी विचारलं, "आणि इथं?" ते म्हणाले, "इथंही मुदतवाढ असते की जी. तिथली मुदतवाढ म्हणजे आणखी काही आठवडे पैसे. इथली म्हणजे आणखी काही आठवडे बिनपैशानं राहायची परवानगी." सगळे हसले. ते मात्र हसले नाहीत. "मला तर त्या मेहुण्याचीच भीती वाटून राहिली," ते म्हणाले. "ती वाढवलेली मुदत संपल्यावर तो काय करन?"

महिन्याभरात माझी नोकरी गेली. मी एका बांधकाम कंपनीत इंजिनिअर होतो. मुख्य ऑफिस मस्कतला, अल् खुवैरमध्ये. प्रकल्प थांबला, पगार थांबला, हिशेब चुकता झाला. तिकडं माणसाचा राहण्याचा परवाना कंपनीच्या नावावर असतो. कंपनी सुटली की परवाना सुटला, आणि माझ्या परवान्याला बायकोचा आणि मुलीचा परवाना बांधलेला. दुसरीकडं नोकरी धरायची तर जुन्या कंपनीची ना-हरकत लागे, ती मिळत नव्हती; आणि मिळाली असती तरी नोकरी देणारं होतं कोण? प्रज्ञा बारावीत होती. बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये. परीक्षेआधी आम्हाला देश सोडावा लागला, तर तिचं वर्ष गेलं. कंपनीनं उपकार म्हणून परवाना डिसेंबरपर्यंत चालू ठेवला. मग मी विनवण्या केल्या, तेव्हा जानेवारीपर्यंत वाढवला. मग फेब्रुवारी.

त्या महिन्यांत मी घरात फारसा बोलत नसे. रस्त्यात पोलिसांची गाडी दिसली तरी मी दुसऱ्या गल्लीत वळे, कागद अजून चालू असूनही. फोन वाजला की बायको स्वयंपाकघरात हातातलं काम थांबवून उभी राहत असे. मला ते दिसायचं, पण मी तिकडं बघत नसे. आणि रोज संध्याकाळी, दिवेलागणीला, जिन्यावर जड पावलं वाजत. चपला काढायच्या आधीच दारातून प्रश्न येई, "वाढली का जी?" मग आत येऊन ते चहा घेत घेत पुढं काय काय होऊ शकतं ते सांगत. कंपनीच बंद पडली तर? परवान्याचा अर्ज कुठं अडकला तर? परीक्षेच्या केंद्रावर पोरीकडं चालू ओळखपत्र मागितलं तर? ते गेल्यावर मी एकदा वैतागून म्हटलं, "हा माणूस उद्यापासून आला नाही तर बरं होईल." बायको कपबशा उचलता उचलता थांबली. "ते येऊन सगळं बोलून जातात म्हणून मला झोप लागते," ती म्हणाली. "तुम्ही तर तोंडच उघडत नाही."

फेब्रुवारी मध्यावर आला आणि कंपनीच्या मंदूबचा, म्हणजे सरकारी कचेऱ्यांची कामं करणाऱ्या माणसाचा, फोन आला. आता वाढवून मिळणार नाही. महिनाअखेर तिकिटं काढा. खलास. शेजारी समोरच बसले होते. प्रज्ञा आतून बाहेर आली. ही मुलगी एरवी आमच्याशी इंग्रजीतच बोलायची. मराठी शब्द तिला चाचपडत शोधावे लागत. त्या संध्याकाळी मात्र तिनं ते शोधले. म्हणाली, "बाबा, मी... नाही दिली परीक्षा, तर चालेल मला. पुढच्या वर्षी देईन इंडियात. तुम्ही नका ना... असे बसू."

मग शेजारी उठले. कपातला चहा तसाच होता. "उद्या मस्कतला जायचं," ते म्हणाले. "तुमच्या अर्बाबला भेटायचं. मंदूब नाही, मॅनेजर नाही, खुद्द मालक."

"तुम्ही येणार?"

"येतो न." हे म्हणताना त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्या दिवसांत सुट्टी मागणं म्हणजे साहेबाला आपल्या नावाची आठवण करून देणं, असं त्यांचं ठाम मत होतं. ताप अंगावर काढत ते कामावर गेले होते. त्यांनीच त्या संध्याकाळी साहेबाला फोन करून सुट्टी मागितली, आणि फोन ठेवल्यावर जिन्याच्या कठड्याला धरून बराच वेळ उभे राहिले.

सोहार ते मस्कत त्या गाडीतून मी कसा पोचलो ते विचारू नका. ट्रकसुद्धा हॉर्न देऊन पुढं जात होते. वाटेत पोलिसांची चौकी दिसली, तर चूक काहीच नसताना त्यांनी गाडी आणखी हळू केली, आणि त्यामुळेच पोलिसानं आमच्याकडं वळून पाहिलं. अल् खुवैरला ऑफिस सहाव्या मजल्यावर. मी लिफ्टनं वर जाऊन उभा राहिलो. हे जिन्यानं आले. आले ते असे धापा टाकत, की अर्बाब खुर्चीतून उठलाच. म्हातारा, पांढरी दाढी, तरुणपणी मुंबईला व्यापारासाठी येऊन गेलेला, हिंदी चांगलं बोलणारा. त्यानं आधी यांना बसवलं, पाणी दिलं, मग काहवा, म्हणजे तिकडची कॉफी, आणि खजूर मागवले. मी घरून वाक्यं जुळवून नेली होती. त्यातलं एकही तोंडातून फुटेना. मालकासमोर बसून मी टेबलावरच्या काचेकडं बघत राहिलो.

शेजाऱ्यांनी पेला खाली ठेवला. हात थरथरत होते. "अर्बाब, इसका नोकरी गया, खलास, उसका बात नहीं करने आया," ते म्हणाले. "बेटी का इम्तिहान है. सिर्फ इम्तिहान तक रहने दो. पगार नहीं, कुछ नहीं. बस रहने दो."

"बेटी किसकी?" अर्बाबनं विचारलं.

"इसकी."

"फिर तुम क्यूं कांपता है?"

शेजारी माझ्याकडं बघून म्हणाले, "ये आदमी बोलता नहीं, अर्बाब. अंदर अंदर डरता है. इसलिए इसके बदले मेरे को डरना पड़ता है."

म्हातारा इतक्या मोठ्यानं हसला, की बाहेरचा माणूस आत डोकावला. हसून झाल्यावर दाढीवरून हात फिरवत म्हणाला, "इन्शाल्ला हो जाएगा." दुसरा कोणी असता तर इथं शुक्रन म्हणून उठला असता. हे उठले नाहीत. त्यांनी विचारलं, "अर्बाब, माफ करना. ये इन्शाल्ला मतलब हां, या मतलब देखेंगे?" अर्बाबनं एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं पाहिलं, फोन उचलला आणि आमच्यासमोर मंदूबला अरबीत चार वाक्यं सांगितली. फोन ठेवून म्हणाला, "मतलब हां. यल्ला, अब घर जाओ. और तुम लिफ्ट से जाना." ते जिन्यानंच उतरले.

प्रज्ञानं परीक्षा दिली. तिच्या प्रत्येक पेपरला खालच्या मजल्यावर कोण येरझाऱ्या घालत असे ते सांगायला नको. शेवटचा पेपर झाला आणि चार दिवसांत आम्ही पुण्याला आलो. इथंही मला बरेच महिने काम मिळालं नाही. दर शुक्रवारी, तिकडच्या सुट्टीच्या दिवशी, त्यांचा फोन येई. "काही झालं का जी?" नाही म्हटलं की माझ्या वतीनं दोन-चार नव्या शंका काढून ठेवून देत. शेवटी नोकरी लागली तेव्हा पहिला फोन मी त्यांनाच केला. नाक ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "प्रोबेशन किती महिन्यांचं आहे?"

त्यानंतरही शुक्रवारचे फोन येत राहिले. प्रज्ञाचं कॉलेज, माझा नवा साहेब, पुण्यातली रहदारी, सगळ्याबद्दल काळजी करून झाली की ठेवायचे. एकदा फोनवर मागं कुल्फीवाल्याची आरोळी ऐकू आली. सोहारमध्ये कुल्फीवाला? मी विचारलं, तेव्हा कळलं, ते सहा-सात महिन्यांपासून नागपुरात होते. कंपनीनं एका सकाळी सगळा सेफ्टी विभागच बंद केला होता. मुदतवाढ मागायला कोणी अर्बाबही नव्हता. मालक परदेशी कंपनी. वहिनींना एका शाळेत काम मिळालं होतं, त्यांना काहीच नाही.

"मला का नाही सांगितलं?" मी जरा रागानंच विचारलं.

मग ते म्हणाले, "तुमची आत्ताच कुठं लागली होती न जी. उगाच घाबरले असते तुम्ही."

आता शुक्रवारचा फोन मी करतो. काही झालं का, असं विचारायचा धीर मला होत नाही. इकडचं तिकडचं बोलतो. ते "बघू जी" म्हणतात आणि प्रज्ञाची चौकशी करतात. पूर्वीसारख्या शंका काढत नाहीत. तो खर्जातला आवाज अलीकडं फार शांत लागतो, आणि तो तसा लागला की मला दिवसभर बरं वाटत नाही.