आप्पांच्या उसात पडलेलं हेलिकॉप्टर

शेळगावच्या महिपतींनी उमेदीची सगळी वर्षं भवानीनगरच्या कारखान्यावर उसाचा ट्रॅक्टर नेला. माणूस कमी बोलणारा. शेजारच्या रानातले आप्पा तर त्यांच्याशी अजिबात बोलत नसत. बांधावरची बाभळ कुणी तोडली, यावरून दोघांचं फाटलं होतं.

यंदा पुण्याच्या लेकीनं, मोनानं, त्यांना रिमोटवर उडणारं हेलिकॉप्टर आणून दिलं. "आबा, ट्रॅक्टर बास झाला आता," एवढंच म्हणाली.

महिपतींनी ते ओट्यावर ठेवून आधी नीट न्याहाळलं. वरचं मोठं पातं एका अंगाला फिरलं, की खालचा सांगाडा उलट्या अंगाला गरगरायला बघतो. तो धरून ठेवायला शेपटीला बारका पंखा. पुढं न्यायचं, तर वरचं पातं फिरता फिरता जरा पुढं कलतं. हे त्यांनी बायकोला, बनाबाईला, समजावलं.

"म्हंजी बारक्या पंख्याचं कुणी नाव घेत न्हाय," ती म्हणाली, "पर त्यो थांबला की घर फिरलं."

"व्हय," महिपती म्हणाले.

रिकाम्या रानात हळूहळू हात बसला. हेलिकॉप्टर पाठमोरं असेपर्यंत सगळं ठीक. त्याचं तोंड आपल्याकडं झालं की त्याचं डावं आपल्या उजव्या हाताला यायचं आणि महिपतींचा घोळ व्हायचा. म्हणून ते कायम त्याच्या मागं मागं चालायचे. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, म्हातारा काहीतरी चारायला घेऊन आलाय.

एकदा उन्हं कलताना वाऱ्यानं ते गर्रकन वळलं. महिपतींनी बांधापासून लांब न्यायला रिमोटची दांडी ढकलली, ती नेमकी उलटी. हेलिकॉप्टर आप्पांच्या पुरुषभर उंच उसात गडप झालं.

आप्पा गोठ्यात म्हशीची धार काढत होते. महिपती जाऊन उभे राहिले.

"तुमच्या उसात माजं हेलिकॉप्टर पडलंय."

आप्पांनी धार पुरी केली. "आत कोन बसलं हुतं का?"

"न्हाय."

"मग चला."

उसात हातभर पलीकडचं दिसेना. आप्पा पाचटातून आत शिरले, महिपती रिमोट घेऊन बांधावर थांबले.

"वाजवा," आतून आवाज आला.

महिपतींनी दांडी जराशी वर केली. कुठंतरी फर्रर्र झालं.

"बास. परत."

परत फर्रर्र.

"थांबा. घावलं."

आप्पा बाहेर आले तेव्हा गालावर पानांचे ओरखडे होते. हेलिकॉप्टरची शेपूट मोडली होती, बाकी धड होतं.

"ह्यो बारका पंखा कशाला?" आप्पांनी विचारलं. महिपतींनी सगळं सांगितलं, तोंड फिरल्यावर होणाऱ्या घोळासकट. आप्पा गाल पुसत ऐकत राहिले.

"नीट झालं की सांगा," ते म्हणाले. "मी समोरनं उभा ऱ्हातो. तुमच्याकडं तोंड झालं, की माझ्याकडं त्याची पाठ."

बारामतीहून नवी शेपूट आली. हल्ली आप्पा समोरच्या अंगाला उभे राहून "डावं, डावं" असं ओरडतात, आणि डावं म्हणजे कुणाचं डावं, यावर दोघं अंधार पडेपर्यंत भांडतात.