खाली सरका, अजून थोडं

केस कापणाऱ्या मावशींच्या दुकानात माणूस ज्या उंचीचं शिरे, त्याहून वीतभर बुटकं होऊन खुर्चीत बसे. खुर्ची त्यांनी पार तळाला नेलेली, वर "खाली सरका, अजून थोडं" हा जप. कारण एवढंच, की मावशींचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता.

अकरा महिन्यांपूर्वी कॅन्सरमुळे त्यांचा उजवा स्तन काढला. गाठ गेली, तपासण्या स्वच्छ आल्या, नातेवाइकांनी अभिनंदन करकरून कान किटवले. दुखणं मात्र मुक्काम ठोकून राहिलं. काखेत इस्त्रीचा चटका बसल्यासारखी आग व्हायची, मध्येच सणकन कळ यायची. आणि शेजारचीच चार बोटं जागा इतकी बधिर, की जणू भाड्याने आणलेली! पण बोलायची सोय नव्हती. दुसऱ्या खुर्चीवर काम करणारी नणंद टपलेलीच होती. जरा दुखतंय म्हटलं की ती म्हणणार, "वहिनी, तू नुसती बसून हुकूम सोड." म्हणजे कात्री गेलीच की हातातून! तीस वर्षांची कात्री!

एके दिवशी शाळेतल्या खेळाच्या बाई आल्या. सहा फुटांना दोन बोटं कमी. "खाली सरका," मावशी म्हणाल्या. बाई सरकल्या. "अजून थोडं." शिस्तीची बाई, आज्ञा पाळत गेली, आणि शेवटी अंगावरच्या कापडासकट थेट फरशीवर बसली.

"वहिनी," नणंद म्हणाली, "आता काय यांना तळघरात नेऊन कापणार आहेस?"

मावशी खो खो हसल्या आणि हसता हसता काख धरून मटकन खाली बसल्या. मग सगळं बाहेर आलं.

दुसऱ्या दिवशी नणंदेने त्यांना डॉक्टरीणबाईंसमोर उभं केलं. त्यांनी नीट तपासलं. "आजार परतलेला नाही. ऑपरेशनमध्ये तिथल्या नसा दुखावतात, पुष्कळ जणींना होतं हे. अकरा महिने गप्प का बसलात?"

"तुम्ही जीव वाचवलात. वर कुरकुर कशी करायची? फुकट जेवून मीठ कमी म्हणण्यासारखंच ते!"

"मीठ कमी असेल तर सांगायचं हो!" डॉक्टरीणबाई हसल्या. त्यांनी नसांसाठी गोळ्या दिल्या, भिंतीवरून बोटं चढवत न्यायचा व्यायाम दिला.

"आणि कात्री?" मावशींनी जीव मुठीत धरून विचारलं.

"चालवा की. हात वापरायलाच हवा. फक्त कळ आली की थांबायचं."

नणंदेचं तोंड पाहण्यासारखं झालं. मावशी जिना उतरल्या त्या मिरवणूक निघाल्यासारख्या.

दुखणं पुरतं गेलेलं नाही, निम्म्यावर आलंय. खुर्ची दोन खाचा वर चढलीय. कळ आली की मावशी खुशाल ओरडतात, "थांबा गं, दुखतंय!" आणि अर्धे केस कापलेली बाई आरशासमोर निवांत बसून राहते. तेवढ्यात नणंद तिला नवऱ्याचे किस्से सांगते. परवा तर कळ थांबली तरी किस्सा संपेना. शेवटी मावशींनीच कात्री वाजवली.