सत्यशीलाचा डबल बास

सत्यशीला ओव्हाळ सव्वीस वर्षं वाद्यवृंदाच्या मागच्या रांगेत डबल बास वाजवत होती. माणसाच्या डोक्याच्याही वर जाणारं ते तारांचं वाद्य. पुढे व्हायोलिनं गायची, हिनं खालून घुमणारा आधार द्यायचा. दिवसभर पोस्टातली नोकरी, रविवारी शनिवार पेठेतल्या हॉलमध्ये तालीम. शाळेत पोरं तिच्या रुंद पंजांना 'फावडी' म्हणायची. गल्लीतल्या एका निवृत्त बँडमास्तरांनी तेच हात पाहिले आणि तिला या वाद्यापाशी उभं केलं.

पन्नाशीत तिने संचालक श्यामसुंदर यांच्यापुढे काही कागद ठेवले. दीडशे वर्षांपूर्वीची इटालियन रचना, खास डबल बाससाठी लिहिलेली.

"हे एकट्याने वाजवायचं?"

"हो. मी एकटीने."

"अहो, लोक तिकीट काढून येतात. कपाट सरकवल्याचा आवाज त्यांना घरी फुकट ऐकू येतो."

तालमीला जमलेले सगळे हसले. सत्यशीलाने कागद उचलले. "सहा महिन्यांनी ऐका," ती म्हणाली, "मग बोला."

धायरीच्या घरी रोज संध्याकाळी ती वाद्यावर ओणवी व्हायची. तारेच्या पार खालच्या टोकाशी अंगठा रोवून व्हायोलिनच्या उंचीचे सूर काढायचे होते. अंगठ्याची कातडी दोनदा सोलून निघाली. मुक्ताई, तिची आई, खोबरेल लावताना करवादली, "एवढा छळ कशाला गं?"

"आई, हे वाद्य गातं. त्याला कुणी गायला सांगितलंच नाही आजवर."

सहा महिन्यांनी तालमीत ती वाजवायला लागली. शेवटच्या पानावर सूर धडाधड जिना चढावा तसे वर गेले, एकही घसरला नाही. श्यामसुंदर स्वरलिपीवर बोट ठेवून ऐकत होते.

"शेवटचं पान पुन्हा," ते म्हणाले. तिने पुन्हा वाजवलं.

"कपाटाचं बोललो ते मागे घेतो. पुढच्या कार्यक्रमात पहिला मान तुमचा. आणि मागे उभ्या राहू नका."

कार्यक्रमाला हॉल भरला होता. संथ सुरावट सुरू झाली तशी खुर्च्यांची कुरकुर थांबली. शेवटचा गज ओढून झाल्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेत दुखरे गुडघे धरून बसलेली मुक्ताई कुणाचा हात न घेता उठली, तेव्हा तिच्यामागे हॉलही उठला.

आता वाकून नमस्कार करायचा असतो, हे सत्यशीलाला ठाऊक होतं. सहा महिने वाद्यावर ओणवी झालेली ती मात्र टाळ्या थांबेपर्यंत ताठ उभी राहिली.