मुक्कामाच्या गाडीआधीचा भाव

मी घर सोडलं तेव्हा आई माझ्यासोबतच एसटीत होती. निरोप द्यायला आली होती असं नाही, तिची ती रोजचीच गाडी. सकाळी समुद्रकाठच्या आमच्या नवापूरहून सुटणाऱ्या त्या गाडीत मागच्या बाजूला बायकांच्या बोंबलांच्या, मांदेलीच्या टोपल्या, आणि त्या टोपल्यांच्या मधोमध मी. एक वळकटी, एक स्टोव्ह आणि मांडीवर सुक्या मासळीचा पत्र्याचा डबा.

"मंगळाबाय, आज माल जास्त दिसतोय," कंडक्टर माझ्याकडे बघत म्हणाला.

"हा इकायचा नाय," आई म्हणाली. "ह्याला नोकरी लागली हाय."

बोईसरला उतरल्यावर ती बाजाराकडे वळली, मी एमआयडीसीकडे. वळता वळता तिने एवढंच सांगितलं, "किती मिळतात ते नको बघू, दामू. किती उरतात ते बघ." संध्याकाळी ती परत गेली. मी गेलो नाही. माझं स्थलांतर म्हणजे एवढंच. तुमच्यापैकी जे दुबईला गेलात, सुरतेला गेलात, ते गावच्या जत्रेत एकमेकांना विमानांच्या गोष्टी सांगता तेव्हा मी पाण्याचा ग्लास शोधायच्या निमित्ताने उठतो. "तू कुठं गेलास रे?" या प्रश्नाला "बोईसर" हे उत्तर देताना खाली बघावं लागतं. पण खरं सांगतो, घरापासून लांब जायला अंतर लागत नाही. पहिल्या वर्षी शिमग्याला मी ओव्हरटाइम केला, कारण सणाचा पगार दुप्पट. दुसऱ्या वर्षीही केला. मग शिमगा नवापूरला होतो हे मला फक्त साहेबाच्या टेबलावरच्या इतरांच्या रजेच्या अर्जांवरून कळायला लागलं.

रंगाच्या कारखान्यात होतो. ज्या रंगाची बॅच चालू असेल त्या रंगाचा मी. निळ्या आठवड्यात निळा थुंकायचो, लाल आठवड्यात शेजारी विचारायचे, कुणाशी भांडलास. खोलीत आम्ही पाच जण, बाकी चौघे बिहारचे. त्यांच्यातला मिश्राजी स्वयंपाक करायचा आणि माझा सुकटीचा डबा उघडला की नाक धरून ओरडायचा, "दामू भाई, बंद कर, आदमी मर जाएगा!" मी बंद करायचो. पण आमचं सामायिक भाजीचं बिल वाचवायला मी त्यांना ती सुकट चटणीतून कधी खाऊ घातली हे त्यांना अजून माहीत नाही. इथे लिहिलं, आता कळलं तर कळलं.

आईचं वाक्य मी जरा जास्तच मनावर घेतलं. टूथपेस्टची नळी कात्रीने उभी कापायची, आतून बोटाने पुसायची. कंपनीचे सेफ्टी शूज दरवर्षी मिळतात, तर चपला कशाला घ्यायच्या? माझ्या लग्नातही तेच होते. बूट पळवायला आलेल्या मेव्हणीने एक उचलला आणि लोखंडी टोकासकट स्वतःच्याच पायावर पाडला. तिच्या नखाचं मलमपट्टीचं बिल मात्र मी दिलं. ते अजून लागतं.

पण हसू नका, त्यातून उरलं. बोईसरजवळच्या पाम गावात आधी एक खोली घेतली, मग तिला लागून दुसरी. दोन्ही कारखान्यातल्या पोरांना भाड्याने दिल्या. स्वतः मात्र त्यांहून लहान, भाड्याच्या खोलीत राहिलो. बायको सुरेखा म्हणायची, "तुमच्या घरात उजेडसुद्धा हप्त्याने येतो." तरी तिने साथ दिली. मग शेवटी बोईसरला लिफ्टवाल्या इमारतीत फ्लॅट घेतला, तो एकाच कारणासाठी. आईचे गुडघे गेले होते, बाजार सुटला होता, बाप जाऊन जमाना झाला होता. नवापूरच्या घरात ती एकटी. आईला आणायची, तिच्या नावाची एक खोली ठेवायची, हे मी तेव्हापासून ठरवलं होतं जेव्हा माझ्याकडे स्वतःला झोपायलाही पूर्ण चटई नव्हती. आधी खोलीचं कर्ज फिटू दे, मग आणतो. मग दुसरीचं. मग फ्लॅटचं. आई दर खेपेला म्हणायची, "फिटू दे."

तर फिटलं, आणि आणली.

पहिल्या दिवशी ती खोलीभर फिरली, भिंतीला हात लावला, "चांगली हाय" म्हणाली. मी एसी लावून दाखवला आणि लगेच बंद केला. दाखवण्यापुरताच होता. दुसऱ्या दिवसापासून मी पाहिलं, संध्याकाळ झाली तरी ती अंधारात बसून असायची. मी घरात शिरलो की दचकून नळाची तोटी घट्ट पिळायची. मला वाटलं, वा, आई कशी माझ्याच वळणाची! माझ्या अकलेचं हे एक उदाहरण पुरे व्हावं, पण पुढे मोठं आहे.

आता माझ्या काटकसरीतलं खरं कौशल्य सांगतो, कारण ते कुठल्याही बचतीच्या पुस्तकात मिळणार नाही. मासळी. कोळ्याचा पोर, मासळीशिवाय जेवण जात नाही, आणि सकाळचा भाव परवडला तरी देववत नाही. पण मला एक गोष्ट ठाऊक होती. नवापूरला जाणारी शेवटची एसटी मुक्कामाची. रात्रभर गावात थांबते, सकाळी बायकांना घेऊन परत येते. ती चुकली तर बाईला रिक्षावाल्यापुढे हात जोडावे लागतात. बोंबील तर उद्यापर्यंत टिकत नाही. बर्फ संपलेला, पाय सुजलेले, घरी पोरं. तेव्हा त्या गाडीच्या जरा आधी बाजारात जायचं, खिशात हात घालून उभं राहायचं, आणि निम्म्याहून कमी भाव बोलायचा. बाई देते. द्यावाच लागतो. हे मी कुठे शिकलो? लहानपणी आई याच गाडीने यायची, तिच्या टोपलीकडे बघूनच आम्हाला कळायचं की आज कसं गेलं. ज्या दिवशी ती बोलायची नाही, त्या दिवशी भाव पडलेला असायचा. ते सगळं मी नीट लक्षात ठेवलं होतं आणि कामाला लावलं होतं.

आणि हे कौशल्य मी आईला दाखवायला घेऊन गेलो. होय. स्वतः, हाताला धरून.

"थांब आई, अजून भाव उतरेल," मी म्हणालो आणि तिला केळीवाल्याच्या खोक्यावर बसवलं. समोर एक तरुण बाई बोंबलांची टोपली घेऊन बसली होती. मला बघताच तिने शेजारणीला कोपर मारलं.

"आला बघ. शेवटच्या गाडीचा शेठ."

माझं असं काही नाव आहे हे मला तेव्हा कळलं. मी ते हसण्यावारी नेलं आणि भाव बोललो. ती बाई काही बोलणार तेवढ्यात तिचं लक्ष माझ्या मागे गेलं.

"अगं मंगळाकाकी! तुमी हिथं?" ती उठूनच उभी राहिली. "मी रंजना, नारायणची सून. तुमच्या गल्लीतच." मग माझ्याकडे बघून तिने विचारलं, "हा तुमचा कोण?"

नवापूरची सून, माझ्याच गल्लीतली, आणि मला ओळखत नव्हती. कशी ओळखेल? ती लग्न होऊन आली त्या वर्षी मी कुठल्यातरी रंगाचा असेन.

आई खोक्यावरून उठली. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. पाच पावलं चालायला तिला जेवढा वेळ लागला तेवढ्यात मी तोंडावर हसू तयार ठेवलं होतं. ती टोपलीच्या पलीकडे गेली, रंजनाच्या बाजूला, आणि खाली बसली.

"गिऱ्हाईक हाय," ती म्हणाली. "तू बस. ह्याला मी बघते."

आणि मग माझ्या आईने मला बोंबील विकले. तिने सकाळचा भाव सांगितला. मी म्हणालो, "आई, काय मस्करी..." ती म्हणाली, "बाय म्हण. घ्यायचं तर घे, नायतर बाजूला हो, मागच्यांना येऊ दे." मागे कुणीच नव्हतं. बाजारातल्या सगळ्या बायका मात्र जमल्या होत्या. एकीने ओरडून सांगितलं, "काकी, सोडू नका, दोन वर्षांचं बाकी हाय!" स्टँडवर गाडीने हॉर्न दिला. माझी जुनी सवय, त्या हॉर्नला माझा भाव आणखी उतरतो. आईने मानही वळवली नाही.

"वाजू दे," ती म्हणाली. मग जरा हळू, फक्त मला ऐकू जाईल असं बोलली. "माझा पण एक होता असा. शर्ट इस्तरीचा. गाडीच्या टायमाला यायचा, खिशात हात घालून उभा ऱ्हायचा. ज्या दिशी तो दिसला त्या दिशी तुमाला अर्धी भाकर कमी. त्याचं नाव मला ठाव नाय. तोंड आजून ठाव हाय."

मी खिशातून हात काढले. टोपलीत उरलेल्या सगळ्या बोंबलांचा पूर्ण भाव दिला. आईने बोंबील कागदात बांधले, माझ्या हातात ठेवले, आणि रंजनाची रिकामी टोपली स्वतः उचलायला गेली. रंजनाने ती ओढून घेतली.

"मी पण येते गाडीत," आई म्हणाली.

"आई, तुझी खोली..."

"खोली चांगली हाय, दामू. पण तिथं मला दिव्याला हात लावायची भीती वाटते. घरी पैसा नाय, पण भीती पण नाय." तिची पिशवीसुद्धा फ्लॅटवरच राहिली. कंडक्टरने हात देऊन तिला चढवली. गाडी गेली आणि मी बोंबलांचं पुडकं घेऊन स्टँडवर उभा राहिलो.

घरी सुरेखाने पुडकं उघडून विचारलं, "आज महाग दिसतायत?" मी आईच्या खोलीचं दार लावून घेतलं. वय झालंय म्हणून असेल, पण त्या रात्रीपासून दमल्यासारखंच वाटतं. इतकी वर्षं दमायलाही रजा घेतली नव्हती, आता सगळं एकदम आलंय. पामच्या खोल्यांचं भाडं वेळेवर येतं. फ्लॅटची किंमत चढते आहे म्हणतात. आईची खोली बंद असते, तिथे धूळही कमी बसते.

मागच्या शनिवारी आईची पिशवी घेतली आणि बाजारात गेलो. उशिरा नाही, ऊन होतं तेव्हाच. रंजनाकडे जे बोंबील होते ते तिने सांगितलेल्या भावाला घेतले. तिने दोनदा भाव सांगून बघितला, दुसऱ्यांदा जरा चढवूनच. तोही दिला. मग तिथेच स्टँडवर बसून राहिलो आणि मुक्कामाच्या गाडीत त्याच बायकांमध्ये जाऊन बसलो. "शेठ, आज उलटे कुठे?" एकीने विचारलं. मी तिकीट दाखवलं. बऱ्याच वेळाने एक जण म्हणाली, "सरका गं जरा, काकीच्या पोराला नीट बसू द्या."

आई ओट्यावर बसली होती. मी पिशवी दिली आणि मासळी पुढे केली. तिने पुडकं उघडलं, आत बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"नवापूरला मासे घेऊन आलास? बोईसरहून?"

मला तेव्हा कुठे कळलं मी काय केलं ते. समोर समुद्र, गल्लीत बोंबील वाळत घातलेले, आणि मी तिकीट काढून, पूर्ण भावाने, उलट दिशेने मासळी वाहून आणली होती. आई हसायला लागली. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मंगळाचा पोरगा काय करून आला ते तिने कुंपणावरून शेजारणीला सांगितलं, शेजारणीने पुढे. मग तिने ते बोंबील साफ केले आणि कालवण केलं.

जेवलो. परत जायला गाडी नव्हती, ती बाहेर वडाखाली उभी होती, सकाळपर्यंत तिथेच राहणार होती. आईने अंथरूण घातलं. सवयीने माझा हात दिव्याच्या बटणाकडे गेला.

"राहू दे लावलेला," आई म्हणाली. "मला तुझं तोंड बघायचं हाय."